खुराक

सुनेनं सासूला उचलायचं, ही कुठली रीत झाली? हात धरावा, पाठीला आधार द्यावा, फार तर काखेखाली खांदा देऊन पायरी चढवावी, इथवर माई समजू शकत होत्या. पण आषाढ दशमीच्या सकाळी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, गंगेवरच्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर छत्र्यांखाली गंध उगाळत बसलेल्या घाटिया पंड्यांच्या देखत, नावाड्यांच्या देखत, राख फासून चहा पीत बसलेल्या दोन जोगड्यांच्या देखत, देवश्रीनं एक हात त्यांच्या पाठीमागून घातला, दुसरा गुडघ्यांखालून, आणि न विचारता, न बोलता, ओलेत्या लुगड्यासकट त्यांना उचलून घेतलं. सतरा पायऱ्या. वरच्या चबुतऱ्यापर्यंत. मध्ये एकदा थांबली, तेही खाली ठेवायला नाही, नीट वर सरकवून घ्यायला, जसं कडेवरचं पोर घसरायला लागलं की सरकवतात तसं. खालून एका नावेतून कुणीतरी ओरडलं, 'वाह भौजी!' आणि देवश्री हसली नाही, लाजलीही नाही, हे तर फारच झालं. या वागण्याला माईंनी सकाळपासून एकच शब्द लावला होता, उर्मटपणा. तो त्यांनी एकदा मुलाला, विश्वेशला, ऐकवला, एकदा देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेला, आणि एकदा कुणालाच नाही, नुसताच भिंतीकडे बघून. विश्वेश रेल्वेच्या कारखान्यात कामाला. डबा पिशवीत टाकता टाकता म्हणाला की मग तिनं तुला तिथंच बसू द्यायला हवं होतं का? माई म्हणाल्या, हो. तो चपला घालून निघून गेला. सून आपली आठ वाजताच शाळेत गेली होती. घरात राहिल्या माई, गल्लीकडच्या खिडकीखालच्या तखतावर, एक पाय लांब करून.

खरं म्हणजे त्या घाटावर बसल्या नव्हत्या, त्यांना बसवलं गेलं होतं, डाव्या गुडघ्यानं. स्नान झालं, अर्घ्य झालं, तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघा कुणी आतून दोरी कापावी तसा सुटला. पडल्या नाहीत. पडण्याआधी बसल्या, आणि बसल्याबरोबर हातात माळ घेतली. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात अशी हुशारी त्यांनी अनेकदा केली होती, त्यात नवल नव्हतं. पाय उठत नाही म्हणून सांगण्यापेक्षा जप चाललाय म्हणून सांगणं बरं. माळ संपली, दुसरी संपली, पाचवी संपली, पाणी पायाशी चिकट मातकट होऊन येत-जात राहिलं आणि पाय काही ऐकेना. वर सावलीत उभ्या असलेल्या देवश्रीनं दोनदा हाक मारली. माईंनी दोन्ही वेळा बोट वर करून, थांब, जप, अशी खूण केली. तिसऱ्यांदा ती हाक न मारता खाली आली, समोर उभी राहिली आणि त्यांच्या बोटांकडे बघितलं. बोटं माळेवर होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. तिला कळलं. तिला कळलंय हे माईंना कळलं. ते जे एक क्षणभर दोघींनी एकमेकींकडे बघणं, ते सगळ्यात वाईट. त्यापुढे उचलणं काहीच नव्हतं असं आता वाटत होतं, पण हे त्या कबूल करणार नव्हत्या.

आणि उचललं तेव्हा आणखी एक गोष्ट झाली, ती त्यांनी विश्वेशला सांगितली नाही. त्यांचा कान देवश्रीच्या छातीशी आला. आत ठोके चालले होते, जड, सावकाश, घाई नसलेले. प्रत्येक पायरीला ती तोंडानं श्वास सोडत होती, शिकवल्यासारखा. आणि तिचा दंड, जो माईंच्या पाठीला लागला होता, तो बाईच्या दंडासारखा नव्हता. म्हणजे माईंना ठाऊक असलेल्या बाईच्या दंडासारखा नव्हता. घट्ट होता, गरम होता, भिजवून मळून मुरवलेल्या कणकेसारखा. माईंना कुणी शेवटचं असं अंगाशी धरलं त्याला किती वर्षं झाली? हात लागतात तसे माणसांचे, बांगड्या भरणाऱ्या मनिहारिणीचे, नाडी बघणाऱ्या वैद्याचे, गर्दीत ढकलणाऱ्या यात्रेकरूंचे. पण सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकून, पाय अधांतरी, असं? नवऱ्यानं एकदा उचललं होतं, लग्नानंतर वर्षाच्या आत, जिन्यातल्या अंधारात, सासू देवळात गेलेली असताना. तो काशीनाथ. वेदपाठी घराण्यातला असून अखाड्यात जाणारा. दिवसा संहिता आणि पहाटे जोडी; त्या दोन जड लाकडी मुदगलांचा खांद्यावरून फिरताना होणारा घुमारा गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा, आणि सासूबाई अभिमानानं म्हणायच्या, फिरवतोय बरं आमचा.

त्याचा खुराक ठेवणं हे माईंचं काम होतं. त्या घरात तो शब्द असाच म्हटला जायचा, थोडा दबून, जसं देवाचं काही असावं. रात्री चणे भिजत घालायचे, मूठ नव्हे, ओंजळभर. बदाम सात, दगडावर उगाळून. दूध आटवून त्यात चमचाभर तूप. सकाळी ताट लावून अखाड्यातून येणाऱ्या माणसाची वाट बघायची, तो आला की पंखा घेऊन बसायचं. त्याचं झालं की विद्यार्थ्यांची पंगत, मग पाहुणे, मग सासरे, मग सासूबाई, मग आपण; आणि आपल्यापाशी ताट येईतो वरणाचं पाणी उरलेलं असायचं, खालचा दाट गाळ आधीच कुणाच्या तरी वाटीत गेलेला. त्याचं दुःख तेव्हा नव्हतं. दुःख म्हणायला आधी ते आपलं होतं असं वाटावं लागतं. बाईला काय उचलायचंय? बाईच्या अंगात ताकद कशाला? पाण्याचे हंडे तीन मजले चढवायच्या त्या, पाटा-वरवंटा ओढायच्या, सात माणसांचं धुणं पिळायच्या, पण ते ताकदीचं काम आहे असं कुणी म्हणत नसे. ते नुसतं काम होतं. एकदाच, शरदिनीच्या वेळी सहावा महिना होता तेव्हा, पहाटे भिजल्या चण्यांचा वास असा काही नाकात गेला की माईंनी नवऱ्याच्या वाटीत हात घातला आणि जिन्याच्या वळणावर उभं राहून, भिंतीकडे तोंड करून, मूठभर चणे चावून चावून खाल्ले. अजून ती चव जिभेला आहे. कच्ची, हिरवट, चोरीची. शरदिनी झाली तेव्हा सुईण म्हणाली, बच्ची तो पहलवान है. माईंना जिन्यातले चणे आठवले आणि त्या हसल्या, सुईणीला वाटलं मुलगी झाली तरी हसते म्हणजे बाई चांगली आहे.

देवश्रीचा खुराक मात्र उघड्यावर असतो. स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर. झाकण नाही, लाज नाही. इंदूरची मुलगी, सव्वीस वर्षं झाली या घरात, मुलींच्या शाळेत गणित शिकवते, आणि पंचवीस वर्षं तिनं तोंड वर करून काही मागितलं नाही. मग गेल्या कार्तिकात शाळेच्या जिन्यावर पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडतं का? मोडलं. तपासणी झाली, कागद आले, आणि डॉक्टरीण म्हणाली म्हणे की हाडं भुसभुशीत व्हायला लागली आहेत, एकोणपन्नास म्हणजे आता हे होणारच, औषध देते पण औषधानं अर्धंच होईल, उरलेलं तुम्हाला वजन उचलून आणि नीट खाऊन करावं लागेल. प्लास्टर निघाल्यावर आधी पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन ती गच्चीवर उठाबशा काढायची, माकडं कठड्यावर बसून बघायची. मग डंबेल आले. मग मैदागिनच्या चौकाजवळ एका कपड्याच्या दुकानावर बायकांची जिम आहे तिथं संध्याकाळी जायला लागली, सलवार-कुर्ता घालून, ओढणी कमरेला बांधून. तिथली शिकवणारी हिमानी म्हणून कुणी पोरगी, ती मोजते आणि या बायका उचलतात. घरी येऊन चक्का खाते, साखर न घालता. मोड आलेले मूग. पनीरचे तुकडे, तिखटमीठ लावून. ताकात सत्तू. डाळ दोन वाट्या, तीही दाट, खालची. सकाळी सातला, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी, उभ्यानं नाही तर चक्क खुर्चीवर बसून खाते आणि शाळेत जाते. माईंनी विचारलं होतं, अंडीही खातेस का गं? तर म्हणाली, घरात आणणार नाही, माई. हे उत्तर झालं का? हे उत्तरच झालं, म्हणून तर त्यांना झोंबलं. त्यांनी सगळ्या नात्यागोत्यात सांगितलं की आमच्याकडे पूर्वी पुरुष अखाड्यात जायचे, आता बायका जातात, आणि पुरुष डबा घेऊन नोकरीला जातात. सगळे हसले. देवश्रीही हसली. पण दुसऱ्या दिवशी सातला कट्ट्यावर मूग होतेच.

आणि उद्यापासून हे सगळं बंद होणार होतं. उद्या एकादशी, देव झोपणार, चातुर्मास लागणार आणि देवश्री धरणं-पारणं धरणार. एक दिवस धरणं, म्हणजे पाणी आणि तीर्थ, दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी पारणं, म्हणजे एकदाच जेवण, घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर. पुन्हा धरणं. पुन्हा पारणं. कार्तिकापर्यंत. त्या घराण्यात एक ना एक बाई हे व्रत धरते. सासूबाईंच्या सासूनं धरलं, सासूबाईंनी धरलं, आणि ते मोडायचं नाही, हातातून हातात द्यायचं. महाशिवरात्रीला सगळा गोतावळा जमला असताना माईंनीच सांगून टाकलं, मला डॉक्टर आता करू देत नाहीत, या वर्षीपासून आमची देवश्री करील. भर पंगतीत. पंगतीत सांगितलं की नाही म्हणता येत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? देवश्रीच्या हातात वाढायची पळी होती. ती तिनं खाली ठेवली, माईंकडे बघितलं, मग सगळ्यांकडे बघितलं, आणि गुरुजींनी तळहातावर दिलेलं पाणी ताम्हनात सोडलं. झाला संकल्प. नंतर त्या रात्री आतल्या खोलीत ती विश्वेशला काहीतरी सांगत होती, हाडं, कागद, डॉक्टरीण म्हणते एवढं चार महिन्यांत उतरलं तर पुन्हा भरून येत नाही, आणि विश्वेश म्हणत होता, माईला कोण सांगणार. माईंना ऐकू आलं होतं. त्यांना चांगलंच ऐकू येतं. त्यांनी कूस बदलली.

खिडकीतून गल्लीतला वास येत होता, शेण, धूप, कचोरीचं तेल, दगडात मुरलेला ओलावा. माई दंडाला हात लावून बघत होत्या. आपल्याच. कातडी हातात आली, आत काही नव्हतं, हाड होतं. चाळीस किलो, म्हणाले होते दवाखान्यात. म्हणूनच त्या पोरीला उचलता आलं, त्यात काय मोठंसं, असं त्यांनी मनाशी म्हणून बघितलं. पण चाळीस किलो म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शरू, शरदिनी, शेवटी किती होती? तिला कुणी काट्यावर घातलं नव्हतं, पण माईंच्या हातांनी तोललं होतं. सात महिने रोज. पाठीखाली हात, मांड्यांखाली हात, भांडं सरकवायचं, पुसायचं, कूस वळवायची. पहिल्या महिन्यात दोघी लागायच्या. तिसऱ्या महिन्यात माईंना एकटीला जमू लागलं, आणि त्यांना वाटलं आपल्याला सवय झाली. शेवटी शेवटी एका हातानं. एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं चादर ओढून घ्यायच्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलगी तिच्या सहाव्या महिन्याच्या वजनाकडे परत निघालेली, आणि आई म्हणते सवय झाली.

शरदिनी अठ्ठाविसाव्या वर्षी ग्वाल्हेरहून परत आली ती पांढऱ्या कपाळानं. मूल नव्हतं. सासरचे लोक वाईट नव्हते, त्यांनी फक्त पोचवायला माणूस पाठवला. ती आली, आणि घरात एक रिकामी जागा होती ती भरली. वाती वळायची, फुलं निवडायची, सोवळ्यातलं पाणी आणायची, धाकट्या विश्वेशची मुलगी झाल्यावर तिला न्हाऊ घालायची. तिची चाळिशी आली तशी सासूबाई गेल्या आणि व्रताचा प्रश्न आला, तेव्हा माईंनी ते शरूच्या हातात दिलं. त्यांना घर चालवायचं होतं, पंगती होत्या, काशीनाथांचं आजारपण होतं. शरूला काय होतं? तिला तेवढंच पुण्य. असंच म्हणाल्या होत्या त्या, तेवढंच पुण्य. शरू बरं म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची. दर चातुर्मासात ती थोडी थोडी कमी व्हायची आणि कार्तिकानंतर पुरती भरून यायची नाही. हातातली एकुलती सोन्याची बांगडी कोपरापर्यंत सरकायची. माई आल्यागेल्याला दाखवायच्या, बघा, काय तेज आलंय. आणि खरंच यायचं, गालांची हाडं वर आली की चेहऱ्यावर काहीतरी येतं, त्याला तेज म्हणायची त्या घरातली पद्धत होती. पारण्याच्या दिवशीही ती शेवटी बसायची आणि दूध तोवर नैवेद्याला, दही पाहुण्यांना, डाळ पंगतीला गेलेली असायची. भात आणि मीठ. भात आणि लोणच्याचा खार. एकदा म्हणाली, माई, हल्ली पायऱ्या चढवत नाहीत गं, मांड्यांत जीवच नाही. माई म्हणाल्या, नाव घेत चढ.

भाद्रपदातला धरण्याचा दिवस होता. पंचगंगा घाटावरून तांब्याची कळशी भरून शरू वर आली, दारात कुणाच्या तरी पोराचा हात कळशीला लागला. बस्स, एवढंच. पाणी विटाळलं. माई चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, ओत ते, आणि परत जा. शरूनं उंबऱ्याशी टेकून जरा श्वास घेतला. मग पाणी मोरीत ओतलं आणि परत गेली. ब्रह्मा घाट जवळ होता, पण घराण्याची रीत पंचगंगेची, आणि तिथल्या पायऱ्या म्हणजे भिंतीला शिडी लावावी तशा. नावाड्यांनी दारावर आणली तिला, फळीवर घालून. कळशीही आणली. मांडीच्या वर, खुब्यात मोडलं होतं. सगळा मोहल्ला म्हणाला, घसरली बिचारी. मग म्हणाला, व्रतस्थ बाई, गंगामाईच्या पायरीवर पडली. ती गेल्यावर म्हणाला, गंगेनं नेली. हे शेवटचं वाक्य माईंनीच आधी म्हटलं होतं, लोकांनी उचललं.

कारण दुसरं वाक्य त्यांना एकटीला ठाऊक होतं. इस्पितळातला तो तरुण डॉक्टर, चष्मेवाला, फोटो उजेडाकडे धरून किती तरी वेळ बघत राहिला. विश्वेश औषधाला खाली गेला होता. शरू झोपली होती किंवा डोळे मिटून होती. डॉक्टर वळला आणि हळूच, राग नसलेल्या आवाजात म्हणाला, 'अम्मा, इनको किसी ने खिलाया नहीं क्या?' माई ताठ बसल्या आणि म्हणाल्या, व्रती हैं. तो आणखी काहीतरी सांगत राहिला, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर बाईचं मांस हाडांवरून उतरायला लागतं, तेव्हा जास्त घालावं लागतं, दूध, डाळ, पनीर, आणि अंगाला काम, वजनाचं. यांच्या मांड्या बघा, या पायांनी यांना कोण सावरणार होतं. हाड तर नंतर मोडलं, अम्मा, त्याआधी पायच नव्हते. विश्वेश वर आला तेव्हा तो गप्प झाला. घरी येऊन सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. माई म्हणाल्या, नशीब म्हणाले.

त्यानंतरच्या चातुर्मासात त्यांनी स्वतः धरणं-पारणं धरलं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. लोक हात जोडायचे, काय निष्ठा. निष्ठा कसली, त्यांना बघायचं होतं. दहा वर्षं बघितलं. दर कार्तिकात उठून उभ्या राहायच्या आणि मनाशी म्हणायच्या, बघ, मी आहे, मी नाही मेले, म्हणजे उपासानं माणूस जात नाही. पण आतून कुणीतरी म्हणायचं, तू जिन्यात चणे खाल्लेस, तुझं हाड वेगळ्या अन्नाचं आहे, तुला कळशी घेऊन कुणी परत पाठवलं नाही. आणि मग गुडघे जायला लागले, डॉक्टर नको म्हणाले, आणि शिवरात्रीच्या पंगतीत त्यांच्या तोंडून देवश्रीचं नाव आलं. तेव्हा का आलं? घराण्यासाठी आलं असं त्या पाच महिने स्वतःला सांगत होत्या. आज सकाळी, अधांतरी पायांनी, त्या गरम दंडावर पाठ टेकलेली असताना, त्यांना स्वच्छ दिसलं की घराण्यासाठी नाही. मोडलेल्या मनगटाची, त्याच वयाची, तीच हाडं असलेली एक बाई त्यांना हवी होती. तिनं चार महिने धरणं-पारणं करावं, कार्तिकात हसत उठावं, आणि मग माईंना रात्री झोप लागावी. आणि नाही उठली तर? हे त्यांनी मनात कधी पुढे नेलंच नव्हतं. आज ते आपोआप पुढे गेलं. तिला फळीवर आणलेलं दिसलं. चेहरा देवश्रीचा होता.

दुपारी दोनला चपलांचा आवाज जिन्यावरून आला. न थांबता, मध्ये श्वास न घेता. देवश्री आली, पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि विचारलं, माई, जेवलात का, गुडघा कसा आहे. माई जेवल्या नव्हत्या, ताट झाकलेलं तसंच होतं. तिनं ते बघितलं. मग ती आत गेली आणि थोड्या वेळानं दोन्ही हातांत डंबेल घेऊन बाहेर आली. पुसलेले. कोपऱ्यातली लोखंडी ट्रंक उघडली, जुन्या रजयांच्या खाली एक ठेवला, मग दुसरा, वरून रजई नीट पसरली, मुडपून, एखादं पोर निजवावं तशी. कट्ट्यावरची मुगाची चाळणी उचलली, त्यातले मूग एका डब्यात भरले आणि म्हणाली, हे खालच्या मुक्ताला देऊन येते, उद्यापासून इथं कोण खाणार. आवाजात तक्रार नव्हती. माईंनी तो आवाज ओळखला. वीस वर्षं त्या आवाजाला त्यांनी गुण म्हटलं होतं. त्यांना एकाएकी भीती वाटली, आणि भीती वाटली की त्यांना नेहमी येतो तसा राग आला.

'डबा खाली ठेव,' माई म्हणाल्या. 'मुक्ताला काही द्यायचं नाही. इकडे ये. अशी समोर बस. नाही, खाली नाही, खुर्चीवर बस, सवय आहे तुला.'

देवश्री बसली. डबा मांडीवर राहिला. माईंनी तिच्या मनगटाकडे बघितलं, जिथं हाड जुळलं तिथं एक बारीक उंचवटा राहिला होता. मग त्यांनी आवाज जास्तच करडा लावला.

'तू उर्मट आहेस आणि हे मी मरेपर्यंत म्हणणार. आता ऐक. उद्या तू धरणं धरायचं नाहीस. पाणी सोडलंस ते माझ्या सांगण्यानं सोडलंस, तेव्हा जे काही लागायचं ते मला लागेल, मी बघून घेईन त्याच्याशी. उद्या एकादशीला या घरात डाळ शिजेल, दाट, आणि तू माझ्या समोर बसून खाशील. कुणी विचारलं तर म्हणायचं, सासूनं घातली.'

देवश्री म्हणाली, 'माई, पण घराण्याचं...'

'घराण्याचं मला नको सांगू. शरूला गंगेनं नाही नेलं. डॉक्टरनं मला तोंडावर विचारलं होतं, हिला कुणी जेवायला घातलं नाही का. मी विश्वेशला सांगितलं नाही, कुणालाच नाही. धरण्याच्या दिवशी तिला दुसऱ्यांदा पाण्याला पाठवलं ते मी. आणि मग मला असं हवं होतं की तू तेच करावंस आणि तुला काही होऊ नये. तुझ्यावर बघणार होते मी ते. कळतंय का तुला?'

तिला कळलं असावं. तिनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. 

'अशी बसू नकोस, बोल,' माई म्हणाल्या. 'नाही बोलायचं? मग मीच सांगते तुझं काय चुकलं. तू शिकलेली, नोकरीवाली, मोडलेल्या हाडाचा कागद तुझ्या कपाटात, आणि शिवरात्रीला तू पळी खाली ठेवलीस आणि पाणी सोडलंस. तिथं सगळ्यांच्या समोर माझ्या तोंडावर नाही म्हणायला हवं होतंस. मी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस जेवले नसते, पण तू नाही म्हणायला हवं होतंस. शरूनं कधीच म्हटलं नाही.'